'माथेफिरू' आणि 'काळा विनोद' : हे शब्द आपण नक्की कुठे वापरतो?

परवा पीएमटीने येताना ड्रायव्हरने सिग्नलला जरा जोरात वळण घेतलं तर मागच्या सीटवरचा एक पोरगा मोठ्याने म्हणाला "अरे संतोष माने आहे का काय हा", आणि अर्धी बस हसली. हे पुण्यात नवीन नाही, बेफाम गाडी हाणणाऱ्याला हे नाव चिकटवायची सवयच लागलीय. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, २५ जानेवारी २०१२ ला सकाळी स्वारगेट डेपोतून या एसटी ड्रायव्हरने बस पळवली आणि शहरभर समोर येईल त्याला चिरडत गेला, ९ माणसं गेली, तीसच्या वर जखमी झाली, शेवटी नीलायम टॉकीजजवळ बस थांबवता आली. तर प्रश्न असा की अशा हसण्याला मराठीत काय म्हणायचं? 'काळा विनोद', म्हणजे मरणावर केलेला विनोद, म्हणतात सगळे, मला तो शब्द इथे पटत नाही.

आधी 'माथेफिरू' बघू, कारण तेव्हा बातम्यांत तोच शब्द होता आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. माथं फिरणं म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात संताप येणं, "माझं माथं फिरवू नको" असं आई पोराला दिवसातून चार वेळा म्हणते. पण पेपरात तोच शब्द पुतळ्याची विटंबना करणाऱ्याला, एकतर्फी प्रेमातून कोयता घेऊन पोरीच्या मागे लागणाऱ्याला, आणि बस घेऊन सुटणाऱ्याला, तिघांनाही लावतात. कोयतावाला आठवडाभर पाळत ठेवून असतो हो, त्याचं माथं फिरलेलं नसतं, त्याने सगळं ठरवलेलं असतं! त्याला माथेफिरू म्हटलं की गुन्हा एकदम अपघातासारखा वाटायला लागतो. आणि माने खटल्यात तर माणूस भानावर होता की नव्हता हाच मुख्य वाद होता, वेडेपणाचा बचाव सेशन्स कोर्टाने मान्य केला नाही, २०१३ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. कोर्टाला ज्यावर इतकी वर्षं लागली ते हेडलाईनने पहिल्याच दिवशी एका शब्दात सांगून टाकलं होतं.

(बेभान होऊन समोर येईल त्याला मारत सुटण्याला इंग्रजीत 'रन अमोक' म्हणतात, त्यातला अमोक मलय भाषेतल्या 'अमुक'वरून आलाय, आपल्या अमुक-तमुकशी त्याचा काही संबंध नाही, आपलं अमुक संस्कृतातलं. कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहिलं.)

आता विनोद. जो स्वतः वाचलाय त्याचं हसणं वेगळं असतं. "काळ आला होता पण वेळ आली नव्हती" हे वाक्य घ्या, थरथरत्या हाताने चहाचा कप धरून माणूस हे हसत हसत बोलतो आणि ऐकणाराही हसतो, त्यात कुणाला टोचत नाही कारण मरण त्याच्या स्वतःच्या अंगावरून गेलेलं असतं. याला काळा विनोद म्हणा, माझी हरकत नाही. पण तेच वाक्य गेलेल्याच्या घरच्यांसमोर कुणी उच्चारत नाही, म्हणजे मर्यादा कुठे आहे ते आपल्याला न शिकवता कळतं. बसमधल्या पोराचं तसं नाही, त्याच्यावर काहीच बेतलेलं नव्हतं. त्याला मराठीत सरळ शब्द आहे, टवाळी. मुद्दाम कुणाला दुखवायला केली तर कुचेष्टा. हे दोन शब्द असताना सगळ्यावर 'काळा विनोद' लिहिलं की टवाळीला पण जरा प्रतिष्ठा मिळते.

> (एका ताईंचा प्रश्न) पण भीती घालवायला लोक हसतात, त्यात एवढं काय? जक्कलच्या नावाने पण पोरांना घाबरवायचेच की.

ताई, भीती घालवायला हसतात हे मान्यच आहे, घटनेनंतरच्या दिवसांत तर हसल्याशिवाय रस्त्यावर उतरवत नाही. पण जक्कलचं उदाहरण जरा नीट बघा. १९७६-७७ मध्ये पुण्यात राजेंद्र जक्कल आणि त्याच्या साथीदारांनी दहा खून केले, संध्याकाळनंतर लोक दार उघडत नव्हते असं आमच्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात, आणि तरी त्या प्रकरणाचं नाव काय पडलं? जोशी-अभ्यंकर. म्हणजे मारले गेलेल्यांचं. जक्कल हे नाव पोरांना दटावण्यापुरतं राहिलं, त्यावर कुणी खिदळत नव्हतं. २०१२ चं प्रकरण मात्र मारणाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं आणि त्या नऊ जणांतलं एक नाव विचारलं तर बसमधल्या कुणालाही सांगता आलं नसतं, मला राग त्याचा आहे. शिवाय त्याच आडनावाची कितीतरी साधी माणसं आहेत, एसटीत पण असतील, त्यांनी हे रोज का ऐकायचं?

> मग पेपरवाल्यांनी माथेफिरूऐवजी काय लिहावं?

काहीच नाही, क्रियापद पुरेसं आहे. "एसटी चालकाने बस पळवून नऊ जणांना चिरडले." यात काय कमी पडलं सांगा? गोळीबार असेल तर 'बेछूट' चालेल, कारण तो शब्द कृतीबद्दल बोलतो, माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं त्याबद्दल नाही. 'हैदोस' आणि 'थैमान' मात्र नको, हैदोस आपण गल्लीतल्या पोरांच्या दंग्याला पण म्हणतो.

आमच्याकडे बोलताना माथेफिरू कुणी म्हणत नाही, 'टाळकं सटकलंय' किंवा 'डोस्कं फिरलंय' म्हणतात. विदर्भात, खानदेशात, मालवणीत काय म्हणतात ते तिकडच्यांनी लिहा, आणि ते रागासाठी वापरतात की खरोखरच्या आजारासाठी तेही सांगा.