रायझन ५ २६०० : ४.० गिगाहर्ट्झला पीसी रीस्टार्ट होतोय, मदत हवी आहे

मंडळी, ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) पहिल्यांदाच करतोय. प्रोसेसर रायझन ५ २६००, बोर्ड बी४५० चिपसेटचा, कूलर बॉक्समधून आलेलाच. मूळ क्लॉक ३.४, बूस्ट ३.९ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे क्लॉकचा वेग ठरवणारा गुणक, थोडाथोडा वाढवत गेलो, व्होल्टेज हाताने १.३० वर ठेवलंय.

३.९ ला सगळे कोअर मस्त चालतात. ४.० ला विंडोज सुरू होतं, ब्राउझर, गेम सगळं ठीक. पण सिनेबेंच (चित्र रेंडर करून प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) लावलं की चित्र अर्धं होईपर्यंत स्क्रीन काळी आणि पीसी रीस्टार्ट! त्या वेळी तापमान ८२ अंश दिसतं, म्हणजे ९५ च्या मर्यादेच्या बरंच खाली. त्यामुळे मला व्होल्टेजचाच संशय आहे. लोड आला की ते १.२६ पर्यंत घसरतं.

आधी लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेजची घसरण कमी करणारी बायोसमधली सेटिंग) एक पायरी वाढवू, की सरळ १.३५ करू? रोजच्या वापराला एवढं व्होल्टेज चालेल ना? रॅम एक्सएमपीने (रॅमच्या जास्त वेगाच्या तयार सेटिंगने) ३२०० वर आहे, ती चाचणीपुरती २१३३ वर आणू का? याच पीसीवर व्हिडिओ एडिटिंग करतो, मध्येच बंद पडून चालणार नाही. आधी कूलर बदलच, असं मत असेल तर तेही स्पष्ट सांगा, खर्चाची तयारी आहे.