मदत हवी आहे: मेन पिक्चरच्या आधी दाखवायला छोटे विनोदी कार्टून सुचवा

नमस्कार मंडळी. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडसा पट्ट्यात. वाचनालयातर्फे शाळेच्या पटांगणात पडदा लावून पिक्चर दाखवतो. लोक येईपर्यंत वेळ जातो, म्हणून या वेळी आधी पिक्सार या अमेरिकन कंपनीचं 'प्रेस्टो' हे कार्टून लावलं. २००८ मध्ये थिएटरात ते त्यांच्याच 'वॉल-ई' या मोठ्या पिक्चरच्या आधी लागायचं. जेमतेम पाच मिनिटांचं, संवाद एकही नाही. भुकेला ससा, गाजर न देणारा जादूगार आणि जादूने एकमेकींना जोडलेल्या दोन टोप्या: एकीत हात घातला की दुसरीतून निघतो.

पोरं लोळून हसली. टोपीत घातलेला जादूगाराचा हात उंदराच्या चापात सापडला तेव्हा तर पहिली रांग उभीच राहिली. बायकाही पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण मागची बुजुर्ग मंडळी खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटत गप्प. एक आजोबा म्हणाले, "हे जाहिरात सरली का जी? पिच्चर कधी लावता?" आमच्याकडच्या, रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी नट आला की हीच माणसं रात्री दोनलाही टाळ्या पिटतात, म्हणजे हसायचं वावडं नाही. मला वाटतं, टोप्यांची गंमत कळेपर्यंतच ते संपून जातं.

तर पाच-सात मिनिटांची, संवाद नसलेली, म्हाताऱ्यांनाही पहिल्या मिनिटात पकडतील अशी कार्टून कोणती? आधी माइकवर दोन वाक्यांत गोष्ट सांगावी, की त्याने मजा जाते? आणि अशा मोफत खेळासाठी परवानगी कोणाकडे मागायची, हे कुणी केलं असेल तर नक्की सांगा.