मदत हवी आहे: १९७१ ची फियाट, कंपनीचा मूळ रंग टिकवायचाय, नवीन मारायचा नाही

मंडळी नमस्कार, मी बडोद्याचा, दांडिया बाजार. घरी आजोबांनी घेतलेली फियाट ११०० डिलाइट आहे, गडद निळी, आणि पुढचं डावं मडगार्ड सोडलं तर सगळीकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून लागून आलेलाच रंग आहे. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं ना, ते बघून आल्यापासून बाबांनी आपली गाडी बाहेर काढायचं मनावर घेतलंय, फक्त त्यांना ती चकाचक हवी आहे आणि मला आहे तशी.

छत आणि बॉनेट उन्हाने पार पांढरट पडलेत, बोट फिरवलं की निळी पूड बोटाला येते. दारं बरी आहेत. डिकीच्या आतल्या बाजूला रंग अजून इतका गडद आहे की बघत राहावं. मडगार्डच्या वरच्या कडेला मात्र प्रायमर (रंगाखालचं अस्तर) दिसायला लागलाय आणि छताच्या पन्हळीत गंजाचे बारीक ठिपके आहेत.

नेहमीचा पेंटर म्हणतो, "आखी गाडी घसीने नवो कलर मारी दउं, शोरूम जेवी लागशे." डिटेलिंगवाला म्हणतो मशीनने बफ मारून सिरॅमिक कोटिंग करू. तिसऱ्याने सुचवलं की आहे त्याच्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारा, रंग आत कायमचा बंद. हे तिसरं ऐकायला बरं वाटतंय पण कोणी केलंय का खरंच? आणि हाताने करायचं तर कशाने, कुठे थांबायचं, आणि पावसाळ्यात गाडी झाकायची कशाने? गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते, बाजू उघड्या.

---

फियाटवेडा_इंदूर:
दादा, क्लिअर कोटचं आधी डोक्यातून काढा. तो धरायला खालचा रंग वॉटर पेपरने घासावा लागतो, म्हणजे जे वाचवायचंय तेच आधी घासायचं, आणि खाली जुना डुको (थिनरने विरघळणारा जुन्या पद्धतीचा रंग) असला तर वरच्या कोटमधल्या थिनरने तो सुरकुततो. नाही सुरकुतला तरी दोन-चार उन्हाळ्यांत पापुद्रे निघायला लागतील ते वेगळंच.

बोटाला येणारी पूड म्हणजे वरचा थर उन्हात कोरडा पडून सुटलाय, या गाड्यांना वर क्लिअर नसतोच, रंग हाच शेवटचा थर. म्हणून मशीन नको, कडांवर आणि बॉडीच्या रेषांवर तर अजिबातच नको, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. गाडी नीट धुवा, मग मेग्वायर्सचं नंबर ७ ग्लेझ टर्किश टॉवेलच्या तुकड्याने जाड लावा आणि रात्रभर मुरू द्या. त्यात रंग खरवडणारं काही नाही, तेलं आहेत, ती कोरड्या रंगात शिरतात. दुसऱ्या दिवशी पुसा, फडक्यावर निळं येईल, घाबरू नका. मग अगदी सौम्य पॉलिश, हाताने, आणि शेवटी साधं कार्नोबा वॅक्स. रंगाचा गडदपणा परत आला की थांबायचं, प्रत्येक ओरखड्याच्या मागे लागायचं नाही. जिथे प्रायमर दिसतोय तिथे रंगच उरला नाही, तिथे फक्त वॅक्स.

सिरॅमिकही नको, पुढे काढायचं झालं तर घासूनच काढावं लागतं. प्लास्टिकचं कव्हर तर मुळीच नको, आत दमट राहून रंगाला फोड येतात. सुती कव्हर घ्या, तेही धूळ झटकून मगच घाला.

---

बडोदेकर_निळी (धागाकर्ता):
काय सांगितलंत राव, मनापासून आभार! डुकोच आहे बहुतेक, डिकीच्या बिजागरीपाशी थिनरचा बोळा फिरवला तर रंग लगेच उतरला. आता एकच, पन्हळीतल्या गंजाचं काय? बाबा म्हणतात तेवढं तरी पेंटरकडे देऊ.

---

फियाटवेडा_इंदूर:
पेंटर लांबी (पुट्टी) भरून अख्खं छत रंगवून देईल. बारीक काडीने फक्त ठिपक्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रव) लावा, आजूबाजूला मास्किंग टेप, सुकलं की वॅक्स. पण आधी टाचणीने टोचून बघा, आत गेली तर पत्राच सडलाय, मग वेल्डिंगशिवाय इलाज नाही. आणि बाबांना आधी एक दार करून दाखवा, छत नंतर.