अनुभव धागा : नाशिक जिल्ह्यात बातमी पोचते कशी, अडते कुठे

गोदाकाठ

छापखाना, पेपरवाटप, रेडिओ, डिश-केबल, बाजारभाव, पूरनियंत्रण अशा कामांतल्या जाणत्यांना या धाग्यावर आग्रहाचं बोलावणं. माध्यमांचा समाजावरचा परिणाम या विषयावर भाषणं पुष्कळ होतात. बातमी बाहेर पडताना हाताशी कोणतं यंत्र असतं, किती वेळ असतो आणि घोडं कुठे अडतं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. माझ्या मते परिणाम तिथेच ठरतो.

सुरुवात त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांपासून करतो. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून कॅमेऱ्यासोबत फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्रही आणलं होतं. कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. ती अंधाऱ्या खोलीत हाताने भोकं पाडून घेतल्याशिवाय कॅमेऱ्यात सरकत नसे. दोन भोकांमधलं अंतर हललं की पडद्यावरचं चित्र थरथरतं. १९१३ च्या पहिल्या चित्रपटामागे हे असं काम आहे. त्याच बारकाईने लिहा, ही विनंती.

जुळारी

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईबद्दल. मराठीच्या केसमध्ये (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत) जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, उकार, वेलांट्या धरून काही शे घरं लागतात. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, हातातल्या पट्टीत (स्टिकमध्ये) ओळ उलटी लावतो, ओळी लांब तबकात (गॅलीत) सरकवतो, प्रूफ निघतं, दुरुस्ती होते आणि मग मजकूर चौकटीत आवळला जातो. छापून झाल्यावर खिळे परत आपापल्या घरात सोडायचे. एक मूठ चुकीच्या घरात पडली की दुसऱ्या दिवशी चुका निघतात आणि दोष मात्र जुळवणाऱ्यावर येतो.

सगळ्यात नाजूक जागा वरखालच्या चिन्हांची. रफार, अनुस्वार, उकार खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतात. शिसं, अँटिमनी आणि कथिलाचा तो धातू ठिसूळ, दाबाखाली टोक उडतं. पहिल्या शंभर प्रतींत ‘गावांत पटकी’ (कॉलरा) असतं, टोक उडाल्यावर ‘गावात पटकी’ होतं. पहिली बातमी तालुक्याची, दुसरी आपल्या गावाची. म्हणून चालू छपाईत अधूनमधून एक प्रत उचलून मथळ्यावरून भिंग फिरवायचं.

मोठ्या अंगाचे खिळे कमी असत. एका मथळ्यात चार ‘र’ लागले आणि केसमध्ये तीनच असले, की शब्द बदलावा लागे. त्या काळचे मथळे आटोपशीर दिसतात, त्यात संयमाइतकाच खिळ्यांच्या टंचाईचा वाटा होता.

सातपूर शिफ्ट

आता वेब ऑफसेट, म्हणजे रिळातल्या सलग कागदावरची छपाई. रंगीत पानाला चार प्लेट लागतात : निळी, लाल, पिवळी, काळी. रात्री उशिरा बातमी बदलली तर चारही प्लेट नव्याने काढायला वेळ नसतो, म्हणून फक्त काळी बदलतात. मजकूर आणि मथळा नवा, फोटो जुनाच. मृतांचा आकडा ताजा पण छायाचित्र दुपारचं, असं पान दिसतं त्याचं कारण हे आहे.

रोजची डोकेदुखी पाणी आणि शाईच्या तोलाची. प्लेटवर जाणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) ४.८ ते ५.५ च्या दरम्यान ठेवतात. पाणी कमी पडलं की कोऱ्या जागेवर शाई चढून पान मळकट होतं. जास्त झालं की शाई पाणथळते, अक्षर फिकं पडतं आणि कागद ओला होऊन तुटतो. पावसाळ्यात रिळांच्या कडा दमट होऊन लाटा येतात, मग चार रंग एकावर एक बसत नाहीत आणि चेहऱ्यांना दुहेरी ओठ येतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत उलट कागद कडक होतो आणि जोडाच्या जागी तुटतो. उपाय साधा : रिळाचं वेष्टण यंत्राजवळ आणल्यावरच फोडायचं.

कागदाचा हिशेब. पान साधारण ३३ बाय ५४ सेंटिमीटर आणि कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅम धरला, तर १२ पानी अंकाचं वजन ४८ ग्रॅमच्या आसपास भरतं. एका टनात वीस हजारांवर अंक, त्यातून सुरुवातीचे जुळवाजुळवीचे काही शे अंक रद्दीत. पानं चारच्या पटीत वाढतात. संध्याकाळी मोठी जाहिरात आली की बातमीची जागा जाते, पान सहसा वाढत नाही. पान चारला काय छापायचं राहिलं, हे अनेकदा जाहिरात विभागाच्या तक्त्यावरून कळतं.

आवृत्त्यांचं वेळापत्रक तर उलटंच. सुरगाणा, पेठ, बागलाण या लांबच्या तालुक्यांची गाडी आधी निघते, म्हणून त्यांची पानं आधी बंद होतात. शहराची आवृत्ती शेवटी. रात्री अकरा वाजता झालेला निर्णय कॉलेज रोडवर सकाळी सहाला वाचला जातो आणि सुरगाण्यात एक दिवस उशिरा. ज्या गावाला सरकारी निर्णयाची सगळ्यात जास्त गरज, त्याला सगळ्यात शिळी बातमी मिळत आली. मोबाइल आल्यावर वर्गणी तिथे आधी का घसरली, हे ज्यांना कोडं वाटतं त्यांनी गाडीची वेळ पाहावी.

पहाट फेरी

वाटपाचं थोडक्यात. मुख्य अंक आणि पुरवण्या वेगळ्या गठ्ठ्यांत येतात. त्या एकात एक भरणं हे विक्रेत्याचं काम. पुरवण्या जड झाल्या की भरणीला वेळ लागतो आणि लाइन, म्हणजे घरोघरची फेरी, उशिरा सुटते. साडेसातनंतर पडलेला पेपर नोकरदार घरात वाचलाच जात नाही. पावसात गठ्ठ्याचे वरचे-खालचे दोन-तीन अंक भिजतात, तेवढे जादा मागवावे लागतात. छापलेले, उचललेले आणि परत आलेले अंक हे तीन वेगळे आकडे आहेत. खपाचा दावा ऐकला की यांतला कोणता सांगताहेत, ते आधी विचारा.

निफाडकर

कांद्याच्या भावाची बातमी कशी वाचावी, यावर सविस्तर लिहितो, कारण हिच्यामुळे ट्रॅक्टर बाहेर निघतात आणि थांबतात.

लासलगाव काय किंवा विंचूर उपबाजार काय, बाजार समितीच्या तक्त्यावर प्रतिक्विंटल तीन आकडे असतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. चौथा आकडा आवकेचा. समजा किमान ५००, कमाल २१००, सर्वसाधारण १६५०. मोबाइलवर फिरणारा संदेश म्हणतो, ‘कांदा २१०० पार’. तो २१०० चा भाव कधीकधी दोन-तीन ट्रॉल्यांनाच मिळालेला असतो : एकसारखा आकार, चमकदार पत्ती (साल), कोरडी मान. बहुतेक माल विकला जातो तो १६५० च्या आसपास. किमान दर बहुधा गोल्टीचा (बारीक कांद्याचा) किंवा खादीचा (खराब मालाचा) असतो, त्यावरून ‘कांदा कोसळला’ म्हणणंही तितकंच चुकीचं.

म्हणून पाहायचा क्रम असा. आधी माल कोणता ते पाहा, लाल (खरिपाचा) की उन्हाळ (रब्बीचा, साठवणीचा). दोन्हींचे भाव एका ओळीत टाकलेला संदेश सोडून द्या. मग सर्वसाधारण दर, तोही कालच्या त्याच बाजाराशी ताडून. मग आवक. आवक दीडपट होऊनही दर टिकला असेल तर मागणी खरी आहे. आवक निम्मी होऊन दर चढला असेल तर पुढच्या दोन दिवसांत गर्दी होणार आणि दर खाली येणार. शेवटी सत्र : सकाळच्या लिलावाचा भाव दुपारच्या सत्राला लागू धरू नका.

बातमीने बाजार कसा हलतो, हे अलीकडच्या निर्यात धोरणावरून स्पष्ट दिसतं. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. ऑगस्ट २०२३ च्या घोषणेनंतर जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. अशा दिवशी ‘बंदी उठणार’ किंवा ‘शुल्क वाढणार’ असा संदेश आला की एकच प्रश्न विचारायचा : अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख आहे का? नसेल तर ती कुणाची तरी इच्छा आहे किंवा कुणाचा तरी डाव. साठवलेला उन्हाळ कांदा रोज वजन गमावतो, चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) सड वाढते, म्हणून अफवेवर आठ दिवस थांबण्याची किंमत शेतकरी भरतो. दूरचित्रवाणीवर मात्र कॅमेरा शहरातल्या भाजीवाल्याकडे जातो आणि किरकोळ भाव दाखवतो. लिलावातला भाव आणि तो भाव यांत वाहतूक, हमाली, घट आणि नफा असतो. दोन्ही आकडे शेजारी दाखवले तर शहर आणि गाव एकमेकांवर इतकं चिडणार नाही.

सातपूर शिफ्ट

निफाडकर, तुम्ही म्हणता ते तिन्ही आकडे आमच्या आतल्या पानावर चौकटीत जातात. मथळ्यात एकच आकडा मावतो, आणि तो बहुतेक वेळा कमालच निवडला जातो. ‘सर्वसाधारण १६५०’ हा मथळाही तेवढ्याच जागेत बसतो, पण त्यासाठी उपसंपादकाला तक्ता वाचता यावा लागतो.

रेडिओ मेकॅनिक

एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की सावली पडते. आकाशवाणी नाशिक १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. डोंगराआड खरखर येत असेल तर रेडिओ बदलण्याआधी द्विध्रुव (दोन भुजांची) अँटेना करून बघा. लांबी मीटरमध्ये = १४३ भागिले मेगाहर्ट्झ. म्हणजे १.४१ मीटर, मधोमध कापून ७० सेंटिमीटरच्या दोन भुजा. साधी तांब्याची तार चालते. मधल्या दोन टोकांना वायर जोडून रेडिओच्या अँटेना-टोकांना द्यायची. छताच्या पत्र्यापासून मीटरभर तरी दूर ठेवा, नाहीतर पत्रा सिग्नल खातो.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर डीडी फ्री डिश बरीच दिसते, मासिक भाडं नाही म्हणून. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. नाशिकहून तोंड आग्नेयेला, खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३४ अंश, आणि क्षितिजापासून उंचावणी ५७-५८ अंश. ६० सेंटिमीटरची तबकडी पुरते, पण खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा हवा; खांब दोन अंश कलला तर आकडे बरोबर लावूनही सिग्नल मिळत नाही. खरी मेख अशी की डिशला येणाऱ्या या लहरी जोरदार पावसात विरतात. डिजिटल चित्र हळूहळू मुंग्या येऊन बिघडत नाही, ते चौकोन पडून एकदम थांबतं. म्हणजे अतिवृष्टीचा इशारा ज्या तासाला हवा, त्याच तासाला टीव्ही बंद. म्हणून घाटातल्या गावात सेलवर चालणारा रेडिओ घरात असलाच पाहिजे, याबद्दल माझं मत ठाम आहे.

सामुदायिक रेडिओ काढू पाहणाऱ्यांसाठी : प्रसारणशक्तीची नेहमीची मर्यादा १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत, पोच मोकळ्या जागेत १०-१२ किलोमीटर. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्या लोकांनीच केलेले हवेत, आणि बातम्या आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. निवेदन मिनिटाला ११० ते १३० शब्दांत ठेवा. कोकणा किंवा भिल्ल बोलीत आरोग्याची सूचना द्यायची तर मराठी मजकूर हातात देऊ नका, मुद्दे द्या. बोलणाऱ्याला त्याच्या बोलीत मांडू द्या.

पूरपट्टा

गोदावरीच्या पुराच्या संदेशांबद्दल. दर पावसाळ्यात दोन गोंधळ ठरलेले.

पहिला विसर्गाचा, म्हणजे सोडलेल्या पाण्याच्या आकड्याचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख ८३ हजार लिटर. पण आकडा कुठला हे पाहा. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी एक, नाशिक शहरातल्या होळकर पुलाखालचा प्रवाह दुसरा, कारण मध्ये शहराचे नाले आणि उपनद्या मिळतात. खालच्या अंगाच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा आकडा तिसरा. तिथे दारणा आणि कादवेचं पाणीही येतं, म्हणून तो कितीतरी मोठा असतो. तोच आकडा ‘गंगापूरमधून सोडले’ म्हणून फिरला की पंचवटीतले दुकानदार नको तेवढा माल हलवतात, आणि असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी खऱ्या इशाऱ्यालाही हलवत नाहीत.

दुसरा गोंधळ जुन्या चित्रफितींचा. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांची दृश्यं दरवर्षी वर येतात. पडताळणी अशी : चित्रफीत थांबवून दोन-तीन स्पष्ट दृश्यांचे स्क्रीनशॉट घ्या, वर चिकटवलेली अक्षरं कापून टाका आणि चित्रशोधात टाका. फाइलच्या नावातली तारीख बहुधा तुमच्या फोनवर आल्याची असते, चित्रीकरणाची नव्हे. मग दुतोंड्या मारुती शोधा (नाशिकच्या गोदाघाटावरची मूर्ती, पुराची उंची लोक तिच्यावरून सांगतात) : पाणी गुडघ्याला आहे, कंबरेला की गळ्याला, आणि आज घाटावरून कुणी काय सांगतंय? दोन्ही जुळत नसेल तर पुढे पाठवू नका. गाड्यांचे क्रमांक एमएच १५ चे आहेत का, पाट्यांवर गाव कुठलं, हेही बघा.

हे सगळं किती गंभीर आहे, त्यासाठी धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते, या संदेशांवर विश्वास ठेवून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षेकरी म्हणून गावोगाव फिरणारी माणसं, त्यांची ओळख सांगणारा संदेश कुणाच्या मोबाइलवर नव्हता आणि अफवेचा मात्र गावाकडे होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून पुष्कळदा फिरलेला, दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण मजकूर कॉपी करून नवा म्हणून टाकला की बाण पुसला जातो. म्हणून बाण नाही म्हणजे बातमी ताजी, असं समजू नये. गावच्या गटाच्या ॲडमिननी अशा संशयाच्या दिवसांत फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सोय चालू करावी आणि पोलीस पाटलांचा खुलासा आवाजात टाकावा. ओळखीचा आवाज लिखित मजकुरापेक्षा लवकर पटतो.

कर्णा

सिंहस्थाच्या गर्दीत मोबाइलचं जाळं कोलमडतं, तेव्हा उरतो लाउडस्पीकर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर अंतरावरच्या दोन कर्ण्यांतून एकच वाक्य आलं की एका कर्ण्यापाशी उभ्या माणसाला दुसऱ्यातलं ०.३ सेकंद मागे ऐकू येतं आणि शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून लांबच्या कर्ण्यांना तेवढा विलंब लावून घ्यायचा किंवा सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करून टप्पे लहान, आवाज कमी ठेवायचा. एकच कर्णा जोरात लावला की जवळच्यांना फक्त गोंगाट मिळतो.

हरवलेल्या माणसाची घोषणा याच क्रमाने करा : नाव, गाव, तालुका, वय, अंगावरचे कपडे, आणि तो कुठल्या मदत केंद्रावर बसला आहे. दोनदा सांगा, मध्ये दोन सेकंद थांबा. लहान मूल हरवलं असेल तर आईवडिलांची नावं भोंग्यावरून सांगू नका. ती केंद्रावर पडताळणीसाठी राखून ठेवायची, मूल न्यायला येणाऱ्याकडून वदवून घ्यायची.