मदत हवी आहे : एचफाइव्हपीच्या धड्यांतला ऑडिओ हलका करायचाय, पण उच्चार बिघडायला नकोत

नमस्कार मंडळी,

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी उच्चारांचे धडे तयार करतेय. एचफाइव्हपी म्हणजे चित्रं-आवाज असलेले, हाताळत शिकायचे धडे बनवायचं मोफत साधन; त्यासाठी लुमी हा मोफत एडिटर वापरते. शब्दांसाठी डायलॉग कार्ड्स आहेत, प्रत्येक कार्डावर चित्र आणि ऑडिओ, आणि शेवटी आई-मावशीने सांगितलेल्या छोट्या गोष्टी. सगळं मिळून साधारण ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे.

आईचा आवाज मी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये घेतला, तो वेव्ह, म्हणजे न दाबलेला, आहे : ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. म्हणजे मिनिटाला साडेदहा एमबी. मावशी गावी असते. तिच्या काही फायली फोनच्या रेकॉर्डरच्या, एम४ए आहेत; काही सरळ व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज. पालकांकडे मूडल वगैरे ऑनलाइन वर्गाची प्रणाली नाही, त्यामुळे त्यांना एकच एचटीएमएल फाइल पाठवायची असं ठरलंय. पण लुमीतून ती काढली की मूळ ऑडिओपेक्षाही मोठी होते आणि फोनवर उघडता उघडत नाही.

म्हणून ३२ केबीपीएस (सेकंदाला ३२ किलोबिट) एमपी३ करून पाहिलं. आकार एकदम खाली आला. पण चारा, चाक, चूल यांतला च आणि चार, चिमणी, चहा यांतला च जवळजवळ सारखेच ऐकू यायला लागले. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतलाही फरक गेला. हा फरक लिहिण्यात दिसत नाही, मुलांना तो कानानेच कळणार. तो टिकवण्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

आकार कुठवर खाली नेता येईल? सगळ्या फायली एकाच फॉरमॅटमध्ये आणायला हव्यात का? आणि लुमी स्वतःहून काही दाबतं का?

प्रतिसाद

शेवटचा प्रश्न आधी घेतो. एचफाइव्हपी ऑडिओला हात लावत नाही. तुम्ही दिलेली फाइल जशीच्या तशी पॅकेजमध्ये जाते. आर्टिक्युलेट स्टोरीलाइनसारखी धडे बनवायची साधनं प्रकाशित करताना ऑडिओ पुन्हा एन्कोड करतात, म्हणजे स्वतः दाबून नव्याने साठवतात, तिथे चांगली वेव्ह देणंच बरं. इथे ते काम आपल्यालाच आधी करून ठेवावं लागतं.

फाइल मोठी का होते, तर एकाच एचटीएमएलमध्ये सगळं बसवताना ऑडिओ बेस६४ पद्धतीने मजकुरात बदलला जातो आणि त्यात आकार एक-तृतीयांशाने वाढतो. तुमची सगळी ४० मिनिटं वेव्हमध्ये धरली तर ४२० एमबीच्या वर जातात, एचटीएमएलमध्ये साडेपाचशेच्या वर. शिवाय ती पूर्ण उतरल्याशिवाय पहिलं कार्डही दिसत नाही. ६४ केबीपीएस एमपी३ला हेच साधारण १९ एमबी, आणि एचटीएमएल झाल्यावर २६ च्या आसपास. जीमेलची जोडणीची मर्यादा २५ एमबी आहे, तेव्हा दहा-दहा मिनिटांचे चार धडे करा.

प्रतिसाद

उच्चारांबद्दल लिहिते, कारण खरी गोम तिथे आहे.

एमपी३चा आकार म्हणजे बिटरेट (सेकंदाला किती बिट, म्हणजे तेच केबीपीएस) गुणिले वेळ. त्याच बिटरेटला स्टिरिओचं (डावा-उजवा वेगळा) मोनो (दोन्हीकडे एकच) केलं तरी फाइल लहान होत नाही. पण ६४ केबीपीएस सगळेच्या सगळे एका आवाजाला मिळतात. एकट्या माणसाच्या बोलण्याला स्टिरिओचा काहीच उपयोग नाही. तेव्हा आधी मोनो, मग बिटरेटचा विचार.

चाऱ्यातल्या च मध्ये स ची छटा आहे, चहातल्या च मध्ये श ची. स ची सळसळ वरच्या फ्रिक्वेन्सींत असते, श ची त्याहून खाली. बिटरेट फार कमी ठेवला की एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम) वरचा भागच आधी छाटतो, कधी सॅम्पल रेटही (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो आकडा) आपणहून उतरवतो. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचेच आवाज फाइलमध्ये राहू शकतात. म्हणजे ११ किलोहर्ट्झला साडेपाचच्या वरचं सगळं गेलं, आणि स-श ओळखू येतात ते बरंचसं त्याच भागावरून. गोष्टी २२.०५ किलोहर्ट्झला चालून जातील. शब्दांची कार्डं मात्र ४४.१ वरच ठेवा, मोनो, ६४ केबीपीएस, बिटरेट स्थिर. शब्द अगदी सुरुवातीला कापू नका, किंचित शांतता सोडा; च, ट, क यांची सुरुवात खाल्ली गेली की उच्चारच बदलतो.

सगळ्या फायली एमपी३ केल्यात तर कुठल्याही फोनवर वाजतील. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ऑग-ऑपस या फॉरमॅटमध्ये असतात, जुन्या आयफोनच्या सफारीत ते वाजत नाहीत. आणि ते आधीच दाबलेले. त्यांचं एमपी३ केलं की दुसऱ्यांदा नुकसान.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘जग’ची जोडी मोनो ६४ ला काढून हेडफोनवर ऐकली, फरक स्वच्छ येतोय. ४८ ला पण कळतो, पण ‘चूल’ थोडी बोथट वाटली, म्हणून ६४ च ठेवतेय. मावशीच्या व्हॉइस मेसेजमधले शब्द मात्र कशानेच सुधारत नाहीत. तिला पुन्हा रेकॉर्ड करायला सांगू का?

प्रतिसाद

सांगाच. फोनच्या रेकॉर्डरमध्ये घ्यायचं आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायचं, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. गोष्टी आहेत तशा राहू द्या, फक्त च आणि ज चे शब्द परत घ्या. आईच्या मूळ वेव्ह पुसू नका. पुढे कधी दुसऱ्या आकारात काढायच्या झाल्या तर त्यांतूनच काढायच्या, एमपी३वरून नाही.