निकोटिन तंबाखूच्या पानातलं असो की प्रयोगशाळेतलं, कायद्याला फरक का पडावा?

मेघमल्हार:
अमेरिकेत 'पफ बार' ही फळांच्या चवींची, वापरून फेकायची वेप, म्हणजे ई-सिगारेट. २०२० मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) ती बाजारातून काढायला लावली. २०२१ मध्ये ती परत आली, प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटिन घालून. कायद्यात तंबाखूची व्याख्या झाडाशी जोडलेली, त्यामुळे पळवाट मिळाली. त्याच वर्षी सरकारी पाहणीत वेप ओढणाऱ्या शाळकरी मुलांचा सर्वांत आवडता ब्रँड हाच निघाला! 'कोणत्याही स्रोतातलं निकोटिन' असा बदल व्हायला मार्च २०२२ उजाडला. पंधरा वर्षांच्या मुलाला व्यसन लागतं ते निकोटिनचं, मग व्याख्याही निकोटिनवरच हवी.

अण्णा_कोल्हापूर:
व्याख्येने काय होणार? आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटवर सरसकट बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. तरी कॉलेजबाहेर हवी ती चव मिळते. महाराष्ट्रात २०२० मध्ये सुट्या सिगारेटवर बंदी आली, पण टपरीवर लायटर अजून दोरीला लटकतोय. माझी सिगारेट वेपमुळेच सुटली होती. बंदीनंतर पुन्हा सिगारेटवर आलो. वय तपासा, चवी बंद करा, पण माझ्यासारख्यांची वाट अडवू नका.

सावली_बाई:
अण्णा, तुमचं दुःख कळतं. पण मी शाळेत शिकवते. आठवीतल्या मुलाच्या कंपासपेटीत चपटी गोल डबी सापडली, आत पुदिन्याच्या वासाचे पांढरे पाऊच. ओठाखाली ठेवायचे. तो म्हणाला, "बाई, यात तंबाखू नाही, वाचा ना." खरंच तसं छापलं होतं, आणि शेजारी निकोटिनचे मिलिग्रॅम. २०१९ चा कायदा तापवणाऱ्या उपकरणांचा, २००३ चा कोटपा कायदा तंबाखूचा. ही डबी दोन्हींच्या मधून निसटते. याला अंमलबजावणीचा प्रश्न कसं म्हणणार?

औषधवाला:
बाईंचं बरोबर, पण शब्द जपून लिहा. सिगारेट सोडायला लोक माझ्याकडून २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम चिठ्ठीशिवाय नेतात. सरसकट व्याख्येत तोही अडकेल, त्याला सूट हवीच. शिवाय अमेरिकेत आता ६-मिथाइल निकोटिनच्या वेप आल्यात. रेणूत जरासा बदल केला की 'हे निकोटिन नाही' म्हणायला मोकळे. म्हणून 'निकोटिन आणि तसाच परिणाम करणारी रसायनं' असं लिहायला हवं.

मेघमल्हार:
मान्य. गमला सूट, रसायनांचा उल्लेख, दोन्ही हवं.

अण्णा_कोल्हापूर:
पाऊचबद्दल बाईंशी सहमत. वेपवरच्या बंदीबद्दल नाही. मोठ्या माणसाला दुकानात सिगारेट मिळते आणि वेप मिळत नाही, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.