थायरॉइड वाढल्यापासून बहिणीला धाप लागते : कोणाला दाखवावे, कोणत्या तपासण्या कराव्यात?

घाटवाट :
माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३४) ग्रेव्हज आजाराचे (थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करण्याचा आजार) निदान झाले असून कार्बिमाझोल (थायरॉइड आवरणारी गोळी) आणि प्रोप्रॅनोलॉल (धडधड-थरथर कमी करणारी गोळी) सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. हातांची थरथर कमी झाली. परंतु दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्येच थांबावे लागते आणि पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. छातीचा एक्स-रे व टूडी इको ठीक आहेत. एका डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, त्याने काडीचाही फरक पडला नाही. दुसऱ्यांनी ‘मनावर घेऊ नका’ असे सांगून बोळवण केली. ही धाप थायरॉइडची असू शकते का, याविषयी जाणकारांनी सल्ला द्यावा.

निरगुडी :
फुप्फुसांच्या तपासण्या करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे लिहीत आहे. जमिनीला हात टेकावा लागतो, हे तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. थायरॉइडचे संप्रेरक अतिरिक्त झाले की स्नायूंमधील प्रथिने झिजू लागतात आणि मांड्या व खांदे आधी कमजोर होतात. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) आणि बरगड्यांमधले स्नायूही त्याच जातीचे असल्याने तेही सुटत नाहीत. त्यातच शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते, म्हणजे घरखर्च वाढला आणि कमावणारा आजारी पडला, अशी अवस्था होते. नेहमीच्या स्पायरोमेट्रीत (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीत) हे अनेकदा नीट दिसत नाही, आणि स्नायूंसाठी केलेली सीपीके ही रक्ततपासणीही या आजारात बहुधा नॉर्मलच येते.

म्हणून छातीविकारतज्ज्ञांकडे श्वास घेण्याचा कमाल दाब मोजण्याची मागणी करावी. नाकाला चिमटा लावून, सगळी हवा सोडून, बंद नळीतून जीव खाऊन ओढायचे असते. पहिल्या प्रयत्नात कोणालाच जमत नाही, त्यामुळे चार-पाच वेळा करून घ्यावे. शिवाय स्पायरोमेट्री बसून आणि उताणे झोपून अशी दोन्ही प्रकारे व्हावी. झोपल्यावर फुंकलेल्या हवेत पाव हिश्शाहून अधिक घट आली, तर श्वासपटल अशक्त असल्याचा संशय बळावतो.

कोकमसार :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. दम्याचा खरोखरच संशय असेल, तर प्रोप्रॅनोलॉलने श्वासनलिका आवळू शकतात, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवावी. ग्रेव्हजच्या जोडीने क्वचित मायस्थेनियाही (स्नायू लवकर थकण्याचा आजार) आढळतो. संध्याकाळी पापण्या जड होणे, घास गिळताना अडकणे असे काही असल्यास न्यूरॉलॉजिस्टना दाखवावे. कार्बिमाझोल चालू असताना घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजाव्यात. माझ्या स्वतःच्या मांड्यांतली ताकद टी-थ्री, टी-फोर (थायरॉइडची संप्रेरके) ठिकाणावर आल्यानंतर काही महिन्यांनी परतली.

घाटवाट :
आभारी आहे. उताणे झोपण्याविषयी आज विचारले, तेव्हा ती आठवडाभर तीन उशांवर झोपत असल्याचे कळले. पित्तामुळे असेल असे समजून तिने सांगितलेच नव्हते. तपासणीची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.

निरगुडी :
गुरुवारपर्यंत थांबू नका; सपाट झोपता न येणे हे श्वासपटल अशक्त झाल्याचे लक्षण असू शकते. तीन उशांची गोष्ट सांगून उद्याच दाखवा, आणि बोलतानाही धाप लागू लागली, तर रात्र असली तरी थेट आपत्कालीन विभागात न्या.